शालूवहिनींच्या चटणीतलं मीठ

बाहेरगावच्या माणसाला चटणी म्हटलं की शेंगदाण्याची किंवा ओल्या खोबऱ्याची आठवते. आम्हा कोल्हापूरकरांची चटणी म्हणजे मिरची, कांदा, लसूण, खोबरं आणि खडेमीठ एकत्र कुटून केलेला लाल मसाला. आमटी, रस्सा, अंडं, कशालाही तीच.

आमच्या शेजारच्या शालूवहिनी उन्हाळ्यात वर्षाची चटणी करतात. निम्म्या गल्लीच्या मिरच्या त्यांनी बघितल्याशिवाय कांडपाला जात नाहीत.

गेल्या थंडीत त्यांचे यजमान आकारामदादा यांना रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. वहिनींनी त्याच दिवशी मिठाची बरणी माळ्यावर टाकली. तरी तीन महिने दाब उतरेना. शेवटी मी दोघांना माझ्या गाडीतून दवाखान्यात नेलं. नवे डॉक्टर विदर्भातले होते.

"लोणचं, पापड?"

"बंद."

"भाजीत मीठ?"

"कणभर न्हाय. ह्या भावजींस्नी इचारा की."

मी मान हलवली. मला खरंच तसं वाटत होतं.

आकारामदादा कौतुकानं म्हणाले, "तरी आमटीला चव हाय बघा, डाक्टर. मीठ न्हाय म्हणून ही चटणी दोन चमचं जास्त घालती."

"चटणीत काय काय असतं?"

वहिनी बोटांवर मोजू लागल्या. मिरची, कांदा, लसूण, खोबरं. करंगळीपाशी थांबल्या.

"मीठ असतंय," त्या हळूच म्हणाल्या. "पण ते चटणीतलं. जेवणातलं न्हवं."

गाडीत दादांनी चेष्टा केली, "तीन म्हयनं मीठच चारत हुतीस व्हय गं?" वहिनी हसल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझ्याच हातानं घालवलं असतं तुमास्नी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी चटणी डब्यांत भरून गल्लीत वाटली. एक डबा आम्हालाही आला. बिनमिठाची चटणी टिकत नाही, बुरशी येते. म्हणून आता त्या दर पंधरा दिवसांनी खलबत्त्यात थोडी कुटतात आणि फ्रिजमध्ये ठेवतात. दादांची तेवढी वेगळी करा, असं मी सुचवलं होतं.

"एका घरात दोन चटण्या? न्हाय जमायचं," त्या म्हणाल्या. "ह्ये खातील त्येच मी खानार."

"ह्येला तिखट म्हनत्यात, चटणी न्हाय," दादा रोज कुरकुरतात.

"मग ऱ्हावा उपाशी," म्हणत वहिनी त्यांच्या ताटात लिंबाची फोड ठेवतात.

दोन महिन्यांत दाब उतरला. ते सांगायला वहिनी आमच्याकडे आल्या, तेव्हा आम्ही जेवत होतो. बायकोनं त्यांनाही आग्रहानं बसवलं. त्यांनी आमटीत भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला आणि तोंड वाकडं केलं.

"लई खारट. कुनाची चटणी आनलीसा?"

"तुमचीच की, वहिनी."

त्या वाटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आसंल," आणि लिंबू मागितलं.