फोटोसाठी उतरवलेला ब्लाऊज

"ब्लाऊज काढून ये. लुगडं गुडघ्यावर घे. खरी आदिवासी दिसली पाहिजेस."

कारखान्याच्या मॅनेजरची बायको, पुण्याची. चारचौघांत म्हणाली. ऐंशीचं दशक संपत आलेलं. सिल्वासातल्या हॉलच्या भिंतीवर मी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढला होता, आम्ही वारली बायका काढतो तसा. आता चौकासमोर माझा फोटो हवा होता. बाई खूश झाली तर गेस्टहाऊसच्या भिंतींचं काम मला मिळणार होतं.

आणि मी शहाणीने काय केलं? ब्लाऊज काढला. आमलीच्या शिंप्याकडून मुद्दाम शिवलेला, गुलाबी, फुग्यांच्या बाह्यांचा. तो घालून माझ्या गावाहून, खेरडीहून हिरॉईनसारखी मिरवत आले होते. गपचूप घडी करून पिशवीत घातला. वर हसलेसुद्धा. बावळट ती बावळट. उघड्या खांद्यांवर पदर ओढत जमिनीवर बसले. शेजारी खुर्च्या रिकाम्या असताना.

त्या दिवशी हॉलमध्ये भाषणाला आलेली पाहुणी सामोआची. समुद्रातलं बेट म्हणे. मला वाटलं, दमणच्या पुढे असेल. माझ्याच रंगाची, चष्मेवाली. आपल्या बेटांवरच्या कलांवर पुस्तकं लिहायची. पडद्यावर तिने एक जुना फोटो दाखवला. उघड्या खांद्यांची बाई, नजर खाली. नाशिकचा एक इंजिनियर तिचं बोलणं मराठीत सांगत होता, "ही अंगभर कपड्यांत आली होती. फोटोवाल्या साहेबाने ते उतरवले. खाली त्याचं नाव छापलं, हिचं नाही. हिचं नाव मी शोधतेय."

टाळ्या पडल्या. मॅनेजरच्या बायकोच्या सगळ्यात जोरात. टाळ्या संपल्या तशी मला म्हणते, "चल गं, ऊठ. फोटो."

डोक्यात जाळ झाला. मागे गेले, ब्लाऊज घातला, सगळे हूक लावले, मग चौकासमोर उभी राहिले.

"अगं, फोटोची मजाच गेली."

"मग नका काढू."

"गेस्टहाऊसचं काम दुसरीला देईन."

"द्या."

पाहुणीनेही मला न विचारताच कॅमेरा उचलला होता. तिलाही हात आडवा केला. पुस्तकं लिहिते म्हणून तिला सूट कशाला? तिने कॅमेरा खाली ठेवला.

काम गेलं ते गेलंच. खेरडीत दारोदार जाऊन बायांना सांगितलं, आता नातींना सांगते. बोलावलं तर अंगावरच्या कपड्यांत जायचं. कुणी पदराला बोट लावलं, तर चौक अर्धा असो की पुरा, ओल्या फडक्याने पुसायचा. भिंत कोरी करून उठायचं.