काचेआडचा व्हरांडा

घरापुढचा व्हरांडा काचेनं बंद करायचा विचार असेल, तर मंडळी, हे आधी वाचा.

आमचा करून झाला. उन्हाची झळ नको, रस्त्याची धूळ नको, पावसाची झड नको, वडिलांना बारा महिने पुढं बसता यावं, म्हणून केला. एसी बसवला. काचेवर ऊन अडवणारी फिल्म लावली. आतून रस्ता दिसतो, बाहेरून मात्र काच नुसती आरशासारखी.

आज दुपारी वडिलांचे मित्र तात्या रस्त्यानं आले. पूर्वी ते हाकही न मारता चपलेसकट व्हरांड्याच्या कट्ट्यावर येऊन बसायचे. आज काचेपुढं थांबले, तिच्यात बघून टोपी सरळ केली आणि निघाले. आत वडील हात हलवत होते. ते उठून काच वाजवेपर्यंत तात्या पुढं गेले.

मी पळत जाऊन त्यांना कोपऱ्यावर गाठलं. म्हटलं, चला की तात्या.

"नगं बाबा," ते म्हणाले. "आता तुमच्यात यायचं म्हंजे बेल मारा, चप्पल काढा, पाय पुसा. मी काय पावणा हाय व्हय?"

परत आलो, तर वडील खुर्ची घेऊन बाहेर फाटकाजवळ, भर उन्हात बसलेले. आत चला म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. हितं बसलो म्हंजे दिसतो तरी."

आत एसी चालूच होता.

तुमच्यापैकी कुणी असा व्हरांडा बंद केलाय? केल्यावर कोण कोण यायचं थांबलं, तेवढं खरं सांगा.