खडू पुसायचा राहिला

पहाटे साडेतीनला नेरिडा कोवाल्डचा दिवस सुरू होई. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या लष्करी छावणीत ती आचारी, हुद्दा कॉर्पोरल. तिच्या हाताखाली तुकडी कधी उपाशी निघाली नाही. कांदा कोणी जाडाभरडा चिरला तर ती पुन्हा चिरायला लावी.

नेरिडाला बायका आवडत. फौजेची त्याला आडकाठी नव्हती. होम हिल गावात राहणाऱ्या आईला मात्र ते ठाऊक नव्हतं. ओळखी जुळवण्याच्या एका अ‍ॅपवर तिने आपला फोटो लावला होता. मागे तुकडीबरोबर जाणाऱ्या गरम जेवणाच्या डब्यांची उतरंड, डब्यांवर खडूने निघायचा वार आणि पोचायचं ठिकाण. आपली उतरंड मिरवायची हौस कुठल्या आचाऱ्याला नसते?

तिथे ओळख झालेल्या एका बाईचा एके सकाळी निरोप आला : "डबे कुठल्या रस्त्याने जाणार? सांग, नाहीतर आपलं सगळं बोलणं तुझ्या आईला पाठवते." खाली आईचं नाव, पत्ता.

नेरिडाने आधी नाश्ता वाढला. अंडी करपू दिली नाहीत. मग सार्जंट फोगार्टीपुढे फोन ठेवला.

"सार्ज, चूक माझी. खडू पुसायला हवा होता."

"ही तुझी मैत्रीण?"

"बाई आहे की बाप्या, देव जाणे. पण मला बायकाच आवडतात, ते खरं."

"ते अख्ख्या भटारखान्याला ठाऊक आहे, नेड. रस्ता आम्ही बदलतो, बोलणी तू खाशील. आधी आईला फोन कर. त्या चोराच्या हातात काही ठेवू नकोस."

तिने आईला एका दमात सांगितलं. पलीकडे आईने पंखा बंद केला.

"म्हणजे नाताळात आलेली ती लिबी?"

"हो. सोडून गेली ती."

"आणि मी तिला पाहुणी म्हणून बसवून ठेवली! घरची होती तर कोळंबी सोलायला नसती का लावली?"

नेरिडाने बोलणी खाल्ली, जास्तीच्या पाळ्या केल्या. तुकडी नव्या रस्त्याने गेली, गरम जेवली. त्यानंतर दर नव्या भरतीपुढे ती स्वतः तो फोटो घेऊन उभी राहते. "ही मी. आणि हा माझा गाढवपणा," म्हणते. मान खाली घालत नाही.

पगार साठवून तिने आईच्या ओसरीसाठी सागाचं लांब टेबल करवून घेतलं. गेल्या नाताळात त्याच्या एका टोकाला नेरिडाची नवी जोडीदारीण मरीस कोळंबी सोलत होती.

"शेपट्या राहिल्यात, पोरी," आई म्हणाली. "पुन्हा बघ."