एका फ्रेममधले दोन भाऊ

मोबाईल माझ्या टेबलावर ठेवून माणिकराव म्हणाले, "ताई, ह्यो हात माझाच हाय. पण ह्या खांद्यावर मी त्यो कवा ठिवला, तेवढं सांगा."

मी स्क्रीनकडे बघितलं. चित्र मीच केलेलं होतं. लातुरात औसा रोडला माझं ग्राफिक्सचं छोटं दुकान आहे. वीस वर्षं झाली, लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या करते. माझ्या कामात चूक सापडत नाही, असं मी चारचौघांत सांगत असते. आणि आता सत्तरीचा एक माणूस माझी चूक घेऊन, शिरूर अनंतपाळहून एसटीने, खास मला दाखवायला आला होता.

झालं होतं असं. आठ दिवसांपूर्वी माणिकरावांचे धाकटे भाऊ दिगंबरराव दुकानात आले होते. मुलीचं लग्न ठरलेलं. दोघे सख्खे भाऊ, पण आठ वर्षं बोलणं बंद. कारण पोळा. वेशीत तोरणाखालून पहिली बैलजोडी त्यांच्या घराण्याची जायची. वाटण्या झाल्यावरच्या पहिल्याच पोळ्याला थोरल्याला यायला उशीर झाला आणि धाकट्याने आपली जोडी पुढे काढली. तिथून जे बिनसलं ते बिनसलंच.

"दादा न्हाई आला तर पोरगी मांडवात रडंल," दिगंबरराव म्हणाले. "त्याच्या अंगाखांद्यावर वाढली ती. पत्रिकेत त्याचा फोटो पायजेच. पण माझ्या शेजारी नगं. शेजारी दिसला की म्हणंल, बघा, मला न इचारता मला मिरवून राहिला. मग येतच न्हाई त्यो."

"मग वर-खाली टाकू?"

"वर कोण अन् खाली कोण?"

प्रश्न बरोबर होता. मग मीच सुचवलं की छापील पत्रिका फक्त नावांची करू आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या जिफमध्ये टाकू. जिफ म्हणजे आपोआप हलणारं चित्र. ते करायला लेयर लागतात. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तसे. प्रत्येक लेयरवर एक चित्र. सॉफ्टवेअर सगळ्यात खालच्या लेयरपासून सुरू करतं, एकेक दाखवत वर जातं आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे प्रत्येक जण एकटा येणार, एकटा जाणार. भांडणाला जागाच नाही.

दिगंबररावांना हे फार आवडलं. "परत्येकाला किती येळ?"

"दोन सेकंद."

"दादाला अडीच द्या. थोरला हाय."

थोरल्यांचा एकच फोटो मिळाला, तोही पोळ्याचा. डोक्याला फेटा, चेहऱ्यावर रुबाब, एक हात बैलाच्या पाठीवर. मी बैल कापून काढला. हात तसाच हवेत राहिला, पण फार वाईट दिसत नव्हता.

गणपती, वधू-वर, बिलोलीचे मामा, दिगंबरराव, माणिकराव आणि शेवटी तारीख. फाइल झाली नऊ एमबीची. दिगंबरराव म्हणाले, "ताई, आमच्या गावात एवढं उतरत न्हाई. नुसतं गोल गोल फिरत बसतंय." एक एमबीच्या आत आणायची होती. याला आमच्या भाषेत ऑप्टिमाइज करणं म्हणतात. म्हणजे बघणाऱ्याला कळू न देता चित्रातलं सामान कमी करायचं.

आधी मी रंग कमी केले. जिफमध्ये एका चित्रात दोनशे छप्पन्न रंग बसतात. मी बत्तीस ठेवले, तर बिलोलीचे मामा कावीळ झाल्यासारखे दिसायला लागले. परत चौसष्टवर आले. मग लांबी-रुंदी कमी केली. तरी फाइल तीन एमबी. खरं वजन होतं ते मागच्या मांडवाचं. झेंडूची तोरणं, झालर, समया, हे सगळं प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने साठवलेलं होतं.

त्यावर एक युक्ती आहे, कंबाइन नावाची. मांडव एकदाच ठेवायचा आणि पुढच्या लेयरमध्ये फक्त जेवढं बदलतं तेवढं. फाइल एकदम हलकी होते. पण यात आधीचं चित्र आपोआप जात नाही. फळा न पुसता त्यावर लिहीत गेल्यासारखं ते काम आहे. म्हणून प्रत्येक नव्या माणसामागे मांडवाचा एक तुकडा लावावा लागतो, जुना माणूस झाकला जावा म्हणून.

मी तुकडे लावले. फाइल आठशे केबी झाली. मला इतका आनंद झाला की मी स्वतःसाठी चहा मागवला. जिफ चालवून बघितली. गणपती ठीक, वधू-वर ठीक, मामा ठीक. तेवढ्यात वाढदिवसाच्या फ्लेक्सचं एक गिऱ्हाईक आलं आणि घाई करायला लागलं. मी फाइल दिगंबररावांना पाठवून दिली. त्यांनीही न बघता ती सगळ्या पाहुण्यांना पाठवली.

आता झालं काय, दिगंबरराव होते डावीकडे. माणिकरावांचा हात डावीकडे लांब केलेला, म्हणून त्यांना मी उजवीकडे ठेवलं होतं. त्यांच्यामागचा तुकडा मात्र उजव्या बाजूपुरताच. त्यामुळे दिगंबरराव गेलेच नाहीत. ते हसत उभे, शेजारी माणिकराव आले आणि बैलावरचा हात बरोबर भावाच्या खांद्यावर पडला. अडीच सेकंद.

"तो हात बैलावर होता," मी माणिकरावांना म्हणाले. "बैल मी काढला."

"आन् बैलाच्या जागी माझा भाऊ लावला?"

"चुकून. दहा मिनिटांत अलग करून देते."

"आता अलग करून काय फायदा? सकाळधरनं फोन चालू हायत. बिलोलीचे पाव्हणे म्हणून राहिले, बरं केलं माणिकराव, मिटवलं. आता न्हाई म्हणलं तर लोक म्हणतील, म्हातारा फोटोत येगळा अन् घरात येगळा."

या माणसाने आता लग्नाला जायचं नाही असं ठरवलं, तर त्या पोरीच्या रडण्याचं कारण मी असणार होते. मला मनापासून वाईट वाटत होतं.

माणिकरावांनी खुर्ची पुढे ओढली. "दुरुस्ती कराच. पण अलग नगं. ह्यात त्यो आधी येतो अन् मी मागून. मला आधी घ्या."

मी त्यांना स्क्रीनवर लेयर दाखवले. "आधी यायचं तर तुमचा लेयर खाली घ्यावा लागेल. जो खाली, तो आधी दिसतो."

"म्हंजे मी त्याच्या खाली?"

"हो."

"आन् आत्ता?"

"आत्ता तुम्ही वर आहात. म्हणून मागून येता."

"आधीबी अन् वरबी न्हाई जमत?"

"या सॉफ्टवेअरमध्ये नाही जमत."

ते बराच वेळ बघत राहिले. जिफ पाच-सहा वेळा फिरली असेल. दिगंबरराव यायचे, मग ते स्वतः यायचे, मग तारीख. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हाय तसंच. फकस्त माझा फेटा हिरवट दिसून राहिला, त्यो पांढरा करा."

मी थोडे रंग वाढवले. फाइल शंभर केबीने फुगली, पण फेटा पांढरा झाला.

लग्नानंतर दिगंबरराव बुंदीचा पुडा घेऊन दुकानात आले. मी आधी हेच विचारलं, दादा आले का.

"आला की. सगळ्यायच्या आधी येऊन बसला."

"बोलले?"

"बोलला. पंगत बसली तवा मी हात जोडून हिंडून राहिलो होतो. दादानं बुंदीची बादली माझ्या हातात दिली अन् म्हणला, नुसतं काय मिरवतो, वाढ. मी त्या बाजूनं वाढतो, तू ह्या बाजूनं घे." दिगंबररावांनी उपरण्याने डोळे पुसले. "आठ वर्षांनी बोलला, ताई, अन् पयल्यांदा कामालाच लावलं."

यातून धडा एवढाच की, फाइल हलकी करताना मागे काय राहतंय ते शेवटच्या फ्रेमपर्यंत बघावं. मी आता बघते. प्रत्येक फाइल तीनदा चालवते. तेव्हापासून माझ्या दुकानात एकाही भावकीचं भांडण मिटलेलं नाही.