मामाला न आलेला आवाज

अमेरिकेतल्या आमच्या इंडिपेंडन्स गावात देवाचा निरोप सांगणाऱ्या संदेष्ट्यांची टंचाई कधीच नव्हती. पहिला संदेष्टा गोळ्या लागून गेला, तेव्हापासून त्याची गादी खरी कुणाची यावरून आमच्या लोकांची भांडणं चालू आहेत. एका चौकात तीन तीन चर्चेस, आणि प्रत्येकाला वाटतं की देव आपल्याशीच बोलतो. आमचा पंथ त्यातला सगळ्यांत लहान.

डेल्मरमामा माझ्या आईचा थोरला भाऊ. सुतार होता, चर्चमधली बाकं त्यानंच केलेली. तरुणपणापासून त्याला एकच आस होती, देवानं आपल्याशी बोलावं. त्यासाठी तो उपास करायचा, गुडघे सुजेपर्यंत प्रार्थना करायचा. आमच्या म्हाताऱ्या संदेष्ट्याचा तर तो उजवा हातच होता. म्हातारा वारस न नेमता वारला, तेव्हा पुढचा डेल्मरच असं सगळ्यांनी धरलं होतं. व्हेस्टामामीनं त्याचा काळा कोट इस्त्री करून ठेवला.

उपासाच्या रविवारी सभेत उठले ते मात्र माझे वडील, एमेट. वडील न्हावी होते. गिऱ्हाइकांना हसवायचे, सभेला उशिरा यायचे आणि आमच्यात कॉफी वर्ज्य असताना चोरून प्यायचे. त्या दिवशी ते बाकांच्या पुढे येऊन उभे राहिले. वस्तरा पाजळताना आवाज आला, म्हणाले. ‘माझ्या लोकांना सांभाळ,’ एवढंच. त्यांना हे नको होतं, पण लपवलं तर पाप लागेल असं वाटत होतं. म्हाताऱ्या बायका रडायला लागल्या. लोकांनी हात वर करून त्यांना संदेष्टा मानलं. मामानंही हात वर केला, सगळ्यांत शेवटी.

घरी गेल्यावर मामीला तो म्हणाला, “त्याच्या तोंडाला कॉफीचा वास येतो. आणि देव त्याच्याशी बोलतो? मी काय देवाचं घोडं मारलं होतं?”

मामी म्हणाली, “तुम्ही मागत बसलात. त्यानं मागितलं नव्हतं.”

हे मामाला फार लागलं. पूर्वी प्रत्येकाच्या घरी भाजलेली पहिली ॲपल-पाय मामाकडे यायची, ती आता आमच्याकडे येऊ लागली. आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करायला लोक वडिलांना बोलवायचे. मामा हे सगळं खिडकीतून बघायचा.

पुढच्या वसंतात भर सभेत तो उठला आणि “प्रभू असं म्हणतो” म्हणून त्यानं सुरुवात केली. एमेट नुसता राखणदार आहे, खरा वारस मी, असं प्रभूनं सांगितल्याचं त्यानं जाहीर केलं. निम्मे लोक त्याच्यामागे निघून गेले. दुसऱ्या दिवशी गाडी आणून त्यानं बाकंही नेली. वडिलांनी अडवलं नाही. म्हणाले, त्याचीच आहेत.

मग एकाच रस्त्यावर दोन चर्चेस झाली. आईनं सख्ख्या भावाच्या घरची पायरी चढणं सोडलं. मामाला दर महिन्याला देवाचं वचन यायचं, कधी चर्चला द्यायच्या दशांशाबद्दल, कधी बायकांच्या टोप्यांबद्दल. वडिलांना पुन्हा काहीच आलं नाही. मामाचे लोक वडिलांच्या दुकानात येऊन विचारायचे, “काय एमेट, तुमचा देव मुका झाला वाटतं?” वडील त्यांची दाढी नीट करून द्यायचे. एकेक घर मामाकडे जात राहिलं. तरीही जाता-येता मामा दुकानासमोर थबकायचा आणि काचेतून वडिलांकडे टक लावून बघायचा.

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तो आला. मी त्यांना सूप भरवत होते.

वडील म्हणाले, “डेल्मर, मला तुझा हेवा वाटतो. तुझ्याशी तो दर महिन्याला बोलतो. माझ्याशी एकदाच बोलला, मग नाहीच. मी काय चुकलो, कळत नाही.”

मामानं खुर्ची अंथरुणाजवळ ओढली. मग त्यानं विचारलं, “कसा होता रे तो आवाज?”

“कसा सांगू? कुणीतरी आपल्याला आधीपासून ओळखत असावं, तसा. तुला तर माहीतच आहे.”

मामानं टोपी उचलली आणि तो निघून गेला. वडिलांच्या अंत्यविधीला तो आला नाही. आमचे उरलेले लोक त्याच्याकडे गेले, आणि मरेपर्यंत तो सगळ्यांचा संदेष्टा राहिला.

तो गेल्यावर मामीनं मला सांगितलं की त्याला कधीच काही ऐकू आलं नव्हतं. वडिलांना भेटून तो घरी आला त्या संध्याकाळी तिनं ताट वाढलं, पण त्यानं ते सारून दिलं. “एकदा मिळालं त्याला,” तो म्हणाला, “आणि एकदाच मिळालं म्हणून रडतोय.”