हरणीचं दावं

देवावर भरवसा आहे, असं मी उठता-बसता म्हणायचो. अमडापूरच्या देवीला माझा एक मंगळवार चुकत नसे. पण भरवसा म्हणजे काय, ते मला हरणीने शिकवलं, आणि तेही ती गेल्यावर.

हरणी आमची गाय. ती पंधरा दिवसांची असताना तिची आई मेली. माझ्या बायकोने फडक्याच्या बोळ्याने दूध पाजून तिला वाढवलं. दुधाला ती यथातथाच, पण बायको चुलीपाशी बसली की दारातून मान आत घालायची आणि भाकरीचा तुकडा मिळाल्याशिवाय हलायची नाही. एका वर्षी तिचं उजवं शिंग मुळाशी हलायला लागलं, आतून घाण वाहू लागली. डोकं वाकडं करून उभी राहायची. भाकरीसुद्धा हुंगून सोडून द्यायची.

गावात ढोरांना तापल्या सळईने डाग देणारा म्हातारा वैदू होता. बापाच्या वेळेपासून आमची ढोरं त्याच्याच हाताखालची. घेऊन घेऊन घेणार काय, तर नारळ आणि पायलीभर ज्वारी. दुसरी वाट मेहकरची. तिथे ढोरांचा सरकारी दवाखाना होता आणि नवा सालोत्री, म्हणजे ढोरांचा डॉक्टर, आला होता, जबलपूरकडचा. तो शिंग मुळातून कापतो असं ऐकलं होतं. दोन दिवसांची चाल, ऐन निंदणीत खोळंबलेलं शेत, शिवाय औषधाचा खर्च. वैदू म्हणाला, "परमुलखाच्या मानसाच्या हाती गाय देतं काऊन बे? तो तिले बांधून पाडीन अन् कापीन. दाव्याले मेली, त मंग तेच दावं गळ्यात घालून हंबरत फिरशीन दारोदार."

आमच्याकडे हे पाप फार मोठं. गाय बांधलेली मेली की धन्याने तिचं दावं स्वतःच्या गळ्यात घालायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही, गायीसारखं हंबरून भीक मागायची. लहानपणी असा एक माणूस आमच्या दारी आला होता. त्याचं ते हंबरणं मी विसरलो नव्हतो.

बायको म्हणाली, "डागानं सडलेलं शिंग बरं होते का? तुमाले ज्वारी सवंग पडते म्हून त्याचं आयकून राह्यले तुमी." मला राग आला, कारण ते खरं होतं. शेवटी कौल मागायला देवीला दोन फुलं लावली. उजवं पडलं तर मेहकर, डावं पडलं तर वैदू. हात जोडून डोळे मिटतो न मिटतो तोच उजवं फूल माझ्या पायाशी येऊन पडलं. अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी हरणीला घेऊन निघालो.

सालोत्री बोलायला कमी. मी पोचताच त्यांनी मला पाणी देऊ केलं. त्यांची जात ठाऊक नव्हती म्हणून मी "तहान नाही" म्हणालो आणि विहिरीवर जाऊन प्यालो. त्यांनी पाहिलं. गायीचं नाव विचारलं आणि कापणं संपेपर्यंत "हरणी, हो गया, हरणी" असं तिच्याशी बोलत राहिले. शिंग निघाल्यावर माझ्या हातात दिलं. आतून सगळं पोखरलेलं होतं. हे डागाने सात जन्मांत बरं झालं नसतं, हे मलाही कळलं. औषधापलीकडे त्यांनी काही घेतलं नाही. दवाखान्याच्या मांडवातच राहिलो, आणि चौथ्या दिवशी हरणीने भाकरी मागितली. मी त्या मांडवात बसून देवीचं नाव घेऊन रडलो.

निघताना त्यांनी स्वतः दावं बांधून दाखवलं. गळ्याशी दोन बोटं सरकवून म्हणाले, "इतकं सैल. पण आठ दिवस सोडायचं नाही. ताप येईल, बसेल, तरी सोडू नका. जखम घासली तर रक्त थांबणार नाही."

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ताप आला. दुपारी हरणी मान टाकून बसली, डोळे मिटले. बायको शेतात होती. वैदू दारावरून जाताना थांबला. "दाव्याले मरून राह्यली ना बाप्पा. पाह्यतं काय?"

सालोत्रींनी सांगितलेलं मला आठवत होतं. देवीचं फूलही आठवत होतं. तरी कानात ते हंबरणं वाजत होतं. मी दावं सोडलं.

ती उठली. मरायला टेकलेली गाय उठत नसते, पण ते मला नंतर उमगलं. सरळ परसातल्या बाभळीकडे गेली आणि खाजेने डोकं घासायला लागली. मी धावलो, पट्टी दाबून धरली, धोतर फाडून गुंडाळलं. दिवस मावळायच्या आत ती गेली. गाव जमलं. म्हणाले, "मोकळी मेली, तुले पाप नाही." वैदूने तर माझ्या पाठीवर थाप मारली. बायको शेतातून आली, हरणीचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमी सोताले सोडवलं. तिले नाही."

मी तेच दावं गळ्यात घातलं. कोणी सांगितलं नव्हतं. उलट लोक हसले. गावोगाव हंबरत, मिळेल ते खात मेहकरला पोचलो. पाय आपोआप दवाखान्याकडे वळले. सालोत्री ओसरीवर हात धूत होते. मला ओळखून हसले. "हरणी कशी आहे?"

बोलायची मुभा नव्हती. मी हंबरलो.

त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. मला वाटलं, शिव्या देतील. द्यायलाच हव्या होत्या. ते आत गेले, भाकरी आणि पाण्याचा तांब्या आणला. मी त्यांच्या हातचं पाणी प्यालो. आज इतकी वर्षं झाली, पण तशी तहान पुन्हा लागली नाही आणि तसं पाणीही पुन्हा मिळालं नाही. देवीने एकदा फूल दिलं ते मी दवडलं, तरी तिने दुसऱ्यांदा त्याच दारात आणून उभं केलं. यासाठी मी तिच्या पाया पडतो. आता तिला कौल मागत नाही. फूल पडल्यावर हात आवरायचा असतो, तेवढंच मला जमलं नव्हतं.

निघालो तेव्हा सालोत्री जवळ आले. दाव्याची गाठ चालून चालून आवळली होती, मान सोलली होती. त्यांनी गळ्याशी दोन बोटं सरकवली आणि ती सैल केली.