वीतभर ओरखडा

डाग घालवणारी माणसं आमच्या खांदेश्वरात घरोघरी आहेत. डाग पाडण्यासाठी जीव टाकणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत एकच, माझ्या बायकोचे मामा. हवाईदलात विमानांची देखभाल करता करता निवृत्त झाले. त्यांच्या मुलाने त्यांना कॉम्प्युटरवर लढाऊ विमानांचा खेळ घालून दिला, तर पहिल्याच दिवशी भडकले. "हे काय हो जावईबापू? एकदम चकाचक! युद्धाला चाललंय की बारशाला?" तेव्हापासून मामा खेळातली विमानं उडवत नाहीत, मळवतात. इंजिनाच्या धुराड्यामागची काजळी, पंखावर बुटांनी उडालेला रंग, फटीतून वाऱ्यासरशी मागे ओघळलेलं तेल, सगळं कॉम्प्युटरवर स्वतः रंगवून खेळातल्या विमानावर चढवतात. अभ्यास तर कुठेही चालतो. उरणला एका लग्नाला जाताना गंजक्या कंटेनरचे इतके फोटो काढले, की आम्ही थेट शेवटच्या पंगतीला पोचलो. झब्ब्यावर आमटी सांडली, तर पुसण्याआधी ओघळ कुठे जातोय ते बघतात. एकदा मामींनी स्क्रीनवरचा तेलाचा डाग खरा समजून ओल्या फडक्याने पाच मिनिटं घासला. मामांना कोण आनंद! "पास झालो!" म्हणून सोसायटीभर सांगत सुटले.

एक विमान मात्र पुरं होईना. मामांनी स्वतः वर्षानुवर्षं सांभाळलेलं ते खरं विमान कधीच भंगारात गेलं. त्याचा एक फोटोही यांच्याकडे नाही. त्याच्या पोटावर मामांच्याच हातून स्क्रूड्रायव्हर निसटून ओरखडा पडला होता, आणि तो नेमका कुठे, तेच आठवेना. "कुठेही काढा मामा, पोटाखाली कोण बघतंय?" असं मी बोलून गेलो. दोन दिवस माझ्याशी अबोला.

गेल्या रविवारी पुन्हा तोच घोळ चालला होता. शेजारी मामी मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उजव्या चाकाच्या मागे, वीतभर. साहेब ओरडले म्हणून त्या दिवशी जेवला नव्हतात तुम्ही. मीपण नव्हते जेवले."

मामांनी तिथेच वीतभर ओरखडा काढला, विमान धावपट्टीवर आणून उभं केलं आणि बघत बसले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मामा, आता उडवा की एकदा."

"नको," मामा हळूच म्हणाले, "पडलं-बिडलं तर?"